अर्धा किलो कारले

चंद्रपूर, १९ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
रिनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुमाले अर्धं ऐकू येते आणि उरलेलं तुमी ऐकत नाई, म्हणून लिहून राह्यले. धानोऱ्याहून परत आल्यापासून मन ठिकाणावर नाई. टोपल्यात सांबार-मेथीच्या चार जुड्या काळ्या पडल्या होत्या, टमाटर फुटले होते, आणि मागं उकिरड्यावर कारलेच कारले. फळीवर हळदीच्या सात पुड्या, एकही फोडलेली नाई. एकट्या माणसाले एवढं काऊन लागते? आईले जाऊन सहा महिने झाले. ती असती तर तुमाले त्या पिशव्यांसकट बाहेर उभं केलं असतं.

आमचं दोघा नवरा-बायकोचं ठरलं आहे. धम्मचक्र दिनापर्यंत घर असंच दिसलं, तर घराले कुलूप लावून तुमाले इथी आणणार. कुलूप मी घेऊनही ठेवलं. रागावू नका, जीव राहत नाई.

माया असू द्या.
तुमची रिना


धानोरा, २७ ऑगस्ट

चि. रिनास,
बाबाचा जयभीम आणि आशीर्वाद. जावईबापूंस जयभीम.

पत्र भेटलं. बाप म्हातारा झाला, पण अजून पोतं नाई झाला का उचलून नेता येईल. तुमच्या तिसऱ्या माळ्यावर मी दिवसभर काय करू?

चाळीस वर्षं बाजार तुझ्या आईनं केला. मी मागं पिशव्या धरून. आता पाय त्याच दुकानांपुढे थांबतात आणि तोंड तेवढंच मागते. घरी डब्यात हळद आहे का नाई, हे पाहायचं असते हेच मले माहीत नवतं.

कारल्याचं खरं सांगतो. मी कारलं खात नाई. पण जंगलातल्या गावाहून दर पावसाळ्यात ते मंगलीबाई कारले विकाले येते ना, ते मी दिसलो का अर्धा किलो पिशवीत टाकते, बाईले, म्हणजे तुझ्या आईले, आवडतात म्हणून. बाई कशी आहे विचारते. तिले काहीच माहीत नाई. पहिल्या बाजारी माझ्या तोंडून बरी आहे असं निघून गेलं. आजवर सहा बाजार झाले. त्या एका ढिगापाशी तुझी आई अजून बरी आहे, रिना. मले ते मोडवत नाई.

बापावर लोभ ठेव.
रामाजी


चंद्रपूर, ३ सप्टेंबर

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून रडले. तुमच्या जावयानं विचारलं तर कांदा चिरून राह्यले म्हणून सांगितलं.

आता ऐका. बाजाराले निघायच्या आधी सगळे डबे उघडून पाहा आणि जे संपलं तेच कागदावर लिहा. पिशवी एकच न्या, लहानी. ते भरली का बाजार झाला. भाजी पाव-पावच घ्या. हळद-तिखटाच्या पुड्या नको, घरचा डबा न्या, खुशालभाऊ दुकानातून सुटं देतात. प्लास्टिकच्या पन्नीचा कचराही होत नाई.

मंगलीबाईले सांगाच, असं मी म्हणणार नाई. पण आईनं भाजीचा देठसुद्धा कधी फेकला नवता. तिच्या नावाचं कारलं उकिरड्यावर जाते, ते मले पाहवत नाई.

तब्येतीले जपा, आठवण असू द्या.
रिना


धानोरा, २१ सप्टेंबर

चि. रिनास,
जयभीम आणि आशीर्वाद.

दोन बाजार तुझ्या कागदावर केले. डबा पाहून खुशाल हसला, पण हळद देली. त्या दोन्ही बाजारी मी मंगलीबाईच्या रांगेतून गेलोच नाई, मागून फिरून आलो. चोरासारखं वाटलं.

काल गेलो. तिनं कारले तोलले, आणि मी पिशवीच्या तोंडावर हात ठेवला. सांगितलं. तिनं तराजूतले कारले ढिगावर परत ठेवले. मी चार पावलं गेलो तर तिनं हाक मारली, आणि न तोलता एक कारलं हातात देलं.

घरी येऊन तुझी आई करे तसंच केलं. पातळ चिरलं, मीठ लावून पिळलं, वरून बेसन. तरी कडूच झालं. बसून सगळं खाल्लं. उकिरड्यावर काही गेलं नाई.

कुलूप तुझ्याजवळच राहू दे. येशील तेव्हा मात्र बाजाराच्या आधी कळव. आता घरात एकापुरतंच असते.

माझी माया आहेच, तुझी राहू दे.
रामाजी