आई मुकादमाला काय म्हणाली

बेंगळुरू, ३ जून २०२४

ती. सिद्धोधनदादास,
सविनय जयभीम.

कादंबरी पुढच्या महिन्यात छापायला जाईल. बाड पाठवते आहे. आईला वाचून दाखव. वीटभट्टीचं प्रकरण तर नक्कीच. हैदराबादच्या भट्टीवर मुकादम मला शाळेतून काढून विटा उचलायला लावत होता आणि आई आडवी आली, ते. तेव्हा मी सात वर्षांची. इथं ऑफिसात दिवसभर इंग्रजी, रिक्षावाल्याशी कन्नड, मराठी उरली ती लिहिण्यापुरती. म्हणून आई अस्सल आपल्या गावचं बोलेल, याची फार काळजी घेतली आहे. संपादकांना तेच आवडलं.

गुडघा कसा आहे? वहिनींना जयभीम. मायेत अंतर नको.

तुझी,
सुकेशनी

राणीसावरगाव, १६ जून २०२४

चि. सुकेशनीस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तीन दिवस वाचन चाललं. आपलं नाव पुस्तकात येणार म्हणून आईनं शेजारच्या पार्वतीबाईलाही बोलावून बसवलं. पण भट्टीच्या पानावर मला थांबवलं. म्हणाली, "ही बाई कोण हाय? मी असं बोललेच न्हाई."

मुकादम तिकडचा, त्याला मराठी कुठं कळत होतं, असं तिचं म्हणणं. भट्टीवरच्या सहा वर्षांत ती त्याच्यासारखं बोलायला शिकली होती. मग पदर सावरून तिनं ते वाक्य म्हणून दाखवलं: "मेरी बच्ची इस्कूल को जाती, इंटां नै उठाती."

मी मराठीचा मास्तर. पोरांनी वहीत 'होय'ऐवजी 'हौ' लिहिलं की तीस वर्षं लाल रेघ मारली. त्या दिवशी आईचं वाक्य ती बोलली तसंच उतरवून घेतलं. तू वाईट वाटून घेऊ नको. गुडघा कुरकुरतोच, लेखिकाबाई. आमची आठवण असू दे.

तुझा,
दादा

बेंगळुरू, २ जुलै २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र जिन्यात उभ्यानंच वाचलं. वाक्य वाचलं आणि आईचा आवाज जसाच्या तसा कानात आला. दादा, ती मराठीतच बोलली होती, असं मी शपथेवर सांगितलं असतं. शिकत गेले तसं मीच ते मनात कधीतरी बदलून घेतलं असणार. कशाची लाज वाटली, ते अजून उमगत नाही.

संपादकांना पान बदलायला सांगितलं. निदान खाली अर्थ द्या, वाचकांना कळणार नाही, असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं. छपाई थांबली आहे. पुस्तक निघेल की नाही, सांगता येत नाही. रविवारी गावी येते. भट्टीवरची सहा वर्षं आई जशी बोलली तशीच ऐकायची आहेत, सगळी.

तिला एवढंच सांग, की मुकादमाला कळलं होतं, वाचकालाही कळेल.

येईपर्यंत तिला जप, आणि माझ्यावर माया ठेव.

तुझी,
सुकेशनी