ह्यांची झोप

१ ऑक्टोबर १९५०, रविवार
जेवताना पुन्हा झोप लागली ह्यांना. घास हातात, हनुवटी छातीवर. आमची कुसुम आधी हसली, मग माझ्याकडे बघत राहिली. मी भांडं जरा जोरात ठेवलं. दचकले आणि जेवायला लागले, काही झालंच नाही असे.
संस्थान गेलं, मध्यभारत झालं, आता फौजही हिंदुस्थानच्या फौजेत जायची. सगळी नाही. डॉक्टरांचं बोर्ड बसणार, धडधाकट तेवढे घेणार, बाकीचे घरी. ह्यांच्या पणजोबांपासून घरात फौजेवाचून दुसरं काही नाही. सुभेदारी सुटली तर हे काय करतील, मला सुचत नाही. ह्यांनाही सुचत नसेल.
उद्यापासून तूप बंद, भात बंद. सकाळी पळायला जाणार म्हणाले.

८ ऑक्टो., रविवार
दुपारी हे आडवे झाले. मी शेजारी शाळेच्या वह्या तपासत बसले. घोरणं लग्नापासूनचं, त्याचं काही नाही. पण ब्रह्मदेशच्या लढाईवरून आले, अंगाने सुटले, मान भरली, तेव्हापासून हे नवीन. घोरता घोरता एकदम थांबतं. छाती हलते, पोट हलतं, श्वास मात्र नाही. ओठ काळसर. मी लाल पेन्सिल धरून तशीच. मग बुडता माणूस पाण्याबाहेर यावा तसा आवाज, आणि पुन्हा घोरणं.
उठल्यावर विचारलं, कसं वाटतंय?
"कसं वाटायचं? झोपलो होतो."
डोकं मात्र दोन्ही हातांत धरून बसले. झोपून उठलेला माणूस इतका दमलेला कसा?
रोज रात्री मीच हलवते, कुशीवर वळवते. वर्गात मुली कविता म्हणत असतात आणि माझे डोळे मिटतात. कोणाला सांगायचं हे—

१२ ऑक्टो.
शाळेतून परस्पर जयेंद्रगंजात, डॉक्टरकाकांकडे. आमच्या बाबांचे जुने स्नेही. ह्यांना सांगितलं नाही. काका आधी हसले. "लठ्ठ माणसं घोरतात गं, त्यात काय?" मग ह्यांची छाती कशी उचलते, श्वास कसा अडतो ते मी करून दाखवलं. हसणं थांबलं.
"ह्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. कोणाला विचारून बघतो. वजन उतरव त्याचं. पाठीवर झोपू देऊ नकोस. आणि मोटार चालवायची नाही, भरल्या बंदुकीपाशी एकट्याने बसायचं नाही."
"मग बोर्डाला सांगावं लागेल?"
काका हात धुवायला उठले.

२३ ऑक्टो.
जुन्या बंडीच्या पाठीला चिंध्यांचा चेंडू शिवून दिला, उताणं झालं की टोचेल असा. "मी काय तान्हं मूल आहे?" म्हणाले, पण घातली. थोडं बरं वाटतंय. पळणं चालू. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, त्या दिवशी खूश होते. डोळे मात्र तसेच, सुजल्यासारखे.

३ नोव्हें., शुक्रवार
जाधव भावजी येऊन गेले. ह्यांच्याच पलटणीतले, ब्रह्मदेशातही बरोबर होते. हे घरी नव्हते, म्हणून बोलले.
"वहिनी, आज चांदमारीला उभ्या उभ्या डोळा लागला त्याचा. पोरं गोळ्या भरत होती. मी कोपर मारलं म्हणून. मी आहे तोवर सांभाळीन, पण…"
चहा तसाच टाकून गेले.
संध्याकाळी विषय काढला. काढायला नको होता.
"मग काय करू? दाल बाजारात डाळ तोलत बसू?"
"बसा. जिवंत तर राहाल."
ताटावरून उठले. कुसुमने दोघांची ताटं उचलली.

२० नोव्हें., सोमवार
बोर्ड झालं. हे पास. भावजी गुडघ्यापायी नापास.
भावजीच सांगत होते, स्वतःचं दुःख बाजूला ठेवून. डॉक्टरने विचारलं, "नींद कैसी आती है, सूबेदार साहब?" हे म्हणाले, "लेटते ही आ जाती है, साहब." सगळे हसले म्हणे. खोटं कुठे होतं त्यात?
गल्लीत पेढे वाटले. मीच वाटले. ह्यांचा चेहरा किती दिवसांनी असा पाहिला.
जानेवारीत जम्मूकडे. कुटुंब न्यायचं नाही. तंबूत ह्यांना कुशीवर कोण वळवणार?

२७ नोव्हें.
म्हटलं, तिथे शेजारी जो असेल त्याला सांगून तरी ठेवा.
"सुभेदाराने जवानाला सांगायचं, मला झोपेत ढकलत जा म्हणून?"
"मग मी सांगते छावणीतल्या डॉक्टरांना."
आवाज चढवला नाही त्यांनी. "सांग. पण मग मी घरी बसेन तेव्हा माझ्याकडे बघायची हिंमत ठेव."
दुपारी टांगा बोलावला होता मुरारला, छावणीत जायला. दारातूनच परत पाठवला.

५ डिसें., मंगळवार

हे कुसुमला सायकलवर पुढे बसवून शाळेतून आणत होते. बाड्याच्या चौकापाशी वळायचं, तर सायकल वळलीच नाही. सरळ टांग्याच्या घोड्यापुढे. टांगेवाल्याने लगाम खेचला म्हणून निभावलं. कुसुमचा उजवा हात मोडला.
काका हाताला लाकडी खपच्या बांधत होते. "कशी पडलीस गं?"
पोर रडत नव्हती. "कुत्ता आ गया था, काका. बाबांनी त्याला वाचवलं."
हे भिंतीला टेकून उभे. गुडघ्यावर पँट फाटलेली, रक्त वाळलेलं. म्हणाले, "कुत्रा नव्हता, बेटा."
मग काकांकडे वळून, "मला झोप लागली. चालत्या सायकलवर. ही हाका मारत होती, टांगेवाला सांगतो. मला एकही ऐकू आली नाही."
तेव्हा कुसुम रडायला लागली. "बाबा, मत बोलो ना. मत बोलो."
म्हणजे हिला सगळं माहीत होतं. बोर्ड, जम्मू, सगळं. आम्ही समजत होतो लहान आहे.

७ डिसें.
कुसुमला हेच भरवतात. आज भरवता भरवता डुलकी लागली. तिने चांगल्या हाताने त्यांचं मनगट हळूच हलवलं आणि आ केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
पळायला जात नाहीत.

९ डिसें., शनिवार
सकाळी गणवेश चढवला. मला वाटलं हजेरीला चालले. दारात थांबून म्हणाले, "चल मुरारला. तूच सांग डॉक्टरला. तू पाहिलंयस. मला माझ्या झोपेतलं काय माहीत?"

छावणीतला डॉक्टर पंजाबी, वयाने ह्यांच्याहून लहान. मी हिंदीत सांगितलं, जमेल तसं. काकांना दाखवलं तसं करूनही दाखवलं. हे शेजारी सावधान उभे, नजर समोरच्या भिंतीवर. डॉक्टरने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग खाटेकडे बोट केलं. "सूबेदार साहब, जूते उतारिए और यहीं सो जाइए. मैं बैठा हूँ. आप बाहर इंतज़ार कीजिए, बहनजी."
बाहेर बाक होता. ऊन पडलं होतं. आतून घोरणं यायला वेळ लागला नाही. पहाऱ्यावरचा शिपाई तोंड फिरवून हसला.
मग थांबलं. मी सवयीने उठले. दाराच्या कडीवर हात गेला. आत काही नाही, काहीच नाही. मग खुर्ची धाडकन मागे सरकली आणि डॉक्टरचा आवाज, मोठा, घाबरलेला. "सूबेदार साहब! सूबेदार साहब!"
कडी सोडून बाकावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसरं कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.
सोमवारी परत बोलावलंय. मोठ्या डॉक्टरशी बोलतो म्हणाला. जम्मूचं काय, ते त्याने सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं नाही. मीही नाही.