एकाच फळीच्या तीन पट्ट्या

२ मार्च

डॉक्टर म्हणाला, हवा बदला! त्याचं काय जातं. गोळ्या लिहून द्याव्यात, हवा कसली लिहून देतो! हिवाळ्यापासून खोकला हटत नाही म्हणून गेलो, तर छातीला नळी लावून म्हणे, "काका, मुलंबाळं असतील ना दुसऱ्या शहरात? राहा जाऊन. मानवली हवा तर कायमचेच राहा." कायमचे! घरी येऊन हिला सांगितलं. ही भांडी घासत होती. नळ बंद केला, पुन्हा सोडला.

४ मार्च

पेपरात मागच्या पानावर मोठ्या शहरांचं तापमान येतं. इतकी वर्षं कधी बघितलं नव्हतं. मुलीचं, समुद्राकाठचं – तेहतीस. मुलाचं, डोंगरातलं – सात. मुलीच्या शहरापुढे आर्द्रता म्हणून आणखी एक आकडा, भला मोठा. पेपरवाल्याला विचारलं, ही काय भानगड? "हवेतलं पाणी हो, काका." म्हणजे तिथे श्वास घ्यायचा की प्यायचा!

मला कोरडी थंडी आवडते. सकाळी हात चोळावेत, उन्हात रंधा मारावा, भुसा उडून जावा – अंगाला चिकटू नये. घाम आला की माझी चिडचिड होते. पण थंडीत गुडघे धरतात. इकडे आड, तिकडे विहीर.

६ मार्च

मुलीला फोन केला. गेल्या वर्षी तीच मागे लागली होती – बाबा, या हो, खोली रिकामीच आहे. आज म्हणते, "बाबा, इथे नका हं येऊ. पंख्याखाली बसलं तरी कपडे पिळावे लागतात." मग मुलाला लावला. "बाबा, इथे बादलीत पाणी गोठतं. तुमच्या गुडघ्यांचं काय होईल!" दोघांना एकाच दिवशी माझा कळवळा!

७ मार्च

बोलण्यावर नाही जायचं. जन्मभर सुतारकाम केलं. कुणाच्या घरचं दार करायचं तर लाकूड आधी त्याच्या घरात नेऊन ठेवायचो. पंधरवडाभर तिथली हवा खाऊ दे, मग रंधा. नाहीतर दार पावसाळ्यात अडकतं आणि शिव्या सुताराला.

तेच करायचं. एकाच जुन्या फळीच्या तीन पट्ट्या काढल्या. तीन लहान चौकटी केल्या – खाचेत पट्टी बोटाने सरकेल इतकी सैल. ओल असली की फुगून अडकणार. एक मुलीला, एक मुलाला, कुरिअरने. तिसरी इथेच, पलंगाखाली भिंतीला लावून ठेवली, तुलनेला. ही म्हणाली, "माणसं जायच्या आधी लाकडं पाठवतात वाटतं!" हसली. पण नेहमीसारखं नाही.

१९ मार्च

खोकला. खालची शिंपीण जिन्यात म्हणाली, "काका, काल दुपारभर तुमचा खोकला ऐकू येत होता." काल दुपारी मी घरी नव्हतोच! बाईचे कानही म्हातारे झाले.

२४ मार्च

मुलीचा फोन. "बाबा, पट्टी फुगली हो! हातोडी मारली तरी हलत नाही." कसली हवा ही! मुलगा म्हणाला, "माझी तर उभी चिरली. दोन तुकडे." चिरली? ती वाळलेली फळी? वडिलांच्या काळातल्या दाराची आहे ती! बर्फात पुरली होती की काय? थंडीचं काही सांगता येत नाही.

२६ मार्च

कुरिअरवाला दारात. मुलाला पाठवलेलं पार्सल परत – पत्ता अपुरा! सुतळी माझीच, गाठ माझीच. सोडलं. चौकट शाबूत, पट्टी सुळकन सरकते. आणि हा म्हणे दोन तुकडे!

म्हणजे मी नकोय. तसं सांगा ना सरळ! हवेवर कशाला ढकलता? जेवलो नाही. ही म्हणाली, "अहो, ताट निवतंय." म्हटलं, निवू दे. तिची नजर पार्सलावर गेली. उठून गॅलरीत गेली ती आलीच नाही बराच वेळ.

२७ मार्च

मुलीला फोन लावला. ओरडलोच. तुझीही पट्टी अशीच ना? बाप जड झाला असेल तर तसं बोल! ती रडायला लागली. "बाबा, तुमची खोली झाडून ठेवलीये. आईने शपथ घातली होती. हवा वाईट आहे एवढंच म्हण म्हणाली. दादालाही तिनेच सांगितलं."

फोन ठेवला. ही दारातच उभी.

"असं का केलंस?"

"मला विचारलंत?"

"काय विचारायचं त्यात?"

"हेच. रोज पेपर घेऊन बसता. मुलीकडची हवा, मुलाकडची हवा, तुमची छाती, तुमचे गुडघे. मला कुठली हवा आवडते?"

"कुठली आवडते?"

"इथली."

मग बोलतच सुटली. खालच्या शिंपिणीशी दोन शब्द होतात. गॅलरीत ऊन येतं, केस वाळवता येतात. "लेकीच्या स्वयंपाकघरात डबे हुडकत बसू? की सुनेला विचारून चहा करू?"

म्हटलं, आणि माझा खोकला? तिचं खरं. पण खोकलाही खरा!

२८ मार्च

मुलगी विचारते, तिकीट काढू का? तुमच्या एकट्याचं? उद्या सांगतो म्हटलं. एकट्याचं!

२९ मार्च

पलंगाखालची चौकट काढली. विसरलोच होतो तिला. पट्टी जागची हलेना. खालून बुरशी. भिंतीला हात लावला – ओली, गार. पलीकडे न्हाणीघर, नळ झिरपतोय.

भिंतीकडच्या बाजूला ही झोपते. या घरात आलो तेव्हापासून.

दोघांनी मिळून पलंग ओढला, पार खिडकीखाली. ती धापा टाकत वर बसली. म्हणाली, "झाला तुमचा हवापालट?" आणि खोकली.

तिला खोकला कधीपासून आहे, तेही विचारलं नव्हतं.