बाटलीतल्या क्षाराचं नाव

नागपूर,
४ फेब्रुवारी १९७९

ती. तेजराममामांस,
निर्मलाचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे असं लिहायचा रिवाज आहे, पण मी खुशाल नाही. इथे फार्मसीच्या वर्गात काल सरांनी बाटलीतला क्षार ओळखायला दिला. कॉस्टिक सोडा टाकला तर पांढरा साका आला, आणखी टाकला तर विरघळला. सरांनी विचारलं, का विरघळला? मी पाठ केलेलं वाक्यच घडाघडा म्हटलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी कसे मिळाले, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मुली हसल्या.

काय सांगणार होते? लाखनीच्या कॉलेजात प्रयोगशाळा माझ्या मामांच्याच हाताखाली, परीक्षेत त्यांनी जाताजाता कानात क्षाराचं नाव सांगितलं आणि मी उत्तरावरून उलट्या पावली सगळ्या कृती लिहून काढल्या, हे? तेव्हा मी तुमच्या मागे लागायची, की मामा, मले समजावून सांगा. तुम्ही म्हणायचात, तुले सारं येते, कायले डोकं पिकवतं. मी ते खरं मानलं. मामा, तुम्ही मला फसवलंत.

महिनाअखेर परीक्षा आहे. नापास झाले तर बाबा परत नेणार. मोहाडीचं स्थळ त्यांनी धरूनच ठेवलंय. साका का विरघळतो, ते नीट उलगडून लिहा. एवढंच मागते.

आपली,
निर्मला


लाखनी,
२४ फेब्रुवारी १९७९

चि. निर्मलास,
मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी कुंतामामी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. फसवलं म्हणतेस? बाटल्या पाहून तू रडून राहिली होतीस, ते माझ्याने पाहवलं नाही. बाकी उन्हाळी धानाची रोवणी आटोपली. तुझी धाकटी बहीण सुलू यंदा बारावीला आमच्याकडेच आहे, आणि वटवट करण्यात तुझ्याही पुढे आहे.

उलगडून लिहायला बसलो होतो, पण ते काही पत्रात मावणारं नाही. तू काळजी सोड. तुमच्या प्रयोगशाळेतला शिपाई बुधराम आपल्या आसगावचा. त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. तुझ्या टेबलावर झिंक सल्फेट येईल. कुणाजवळ बोलू नकोस.

मामाचा जीव आहे तुझ्यावर, राग धरू नये.

तुझा,
तेजराममामा


नागपूर,
३ मार्च १९७९

ती. मामांस,
सा. न.

तुमच्या उत्तराची वाट पाहून थकले आणि खोलीतल्या सत्यभामाला धरलं. तिने अकरावीचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढायला लावलं. डोकं फोडता फोडता एका दुपारी उमगलं. जादा सोड्याशी साक्याचा संयोग होतो आणि पाण्यात विरघळणारा नवाच पदार्थ तयार होतो. तुरटीचंही तसंच होतं, म्हणून तर पुढच्या कसोट्या कराव्या लागतात. एवढंच होतं, मामा. पोस्टकार्डावर मावलं असतं. मला इतका आनंद झाला, की कधी एकदा परीक्षा येते असं झालं.

परीक्षेच्या सकाळी तुमचं पत्र आलं. उलगडा असेल म्हणून हावऱ्यासारखं उघडलं.

मी सगळ्या कसोट्या केल्या, एकही गाळली नाही. झिंक सल्फेटच निघालं. का विरघळतो तेही सांगितलं. सरांनी शाबासकी दिली. मी पास झाले. पण बाटलीला हात लावण्याआधीच मला नाव ठाऊक होतं. माझं मला ते सापडलं असतं का, हे आता कधीच कळायचं नाही. ते तुम्ही घालवलंत.

सुलूला वेगळं पत्र टाकलं आहे. परीक्षेत मामा टेबलाजवळ आले तर कानांवर हात ठेव, असं तिला लिहिलंय.

मामीला नमस्कार. लोभ आहे तसा राहील, विश्वासाचं विचारू नये.

निर्मला