चढणीला हळू जाणारी गाडी

अहो,

पत्र लिहायची मला सवय नाही. पण आज तुमच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या भावाने, वासूने, सकाळी विचारलं, "वयनी, पंपाचें तेल मात्शें वाडोवंया? चडणीक गाडी दम सोडता." इंजिनाला जाणारं डिझेल थोडं वाढवूया म्हणतो, म्हणजे चढणीला जोर येईल. उद्या सांगते म्हटलं. टॅक्सी आता तो चालवत असला तरी इंजिन तुमचं ना!

गोवा राज्य झालं त्या वर्षी तुम्ही गाडीतलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलंत. पहिल्या दिवशी काय थरथरली ती! मी म्हटलं, यापेक्षा भाताची गिरण बरी. तुम्ही नुसते हसलात आणि आठवडाभर तिच्याखाली पडून राहिलात. इंजिनाखाली जाड रबरं घातलीत, पंपातून इंजिनाला जाणारं तेल कमी केलंत, बोनेटवर पाण्याचा पेला ठेवून पाणी हलतं का ते एकटक बघत बसलात. जेवायला हाक मारली की "आयलों" म्हणायचात आणि येत मात्र नव्हता.

तेल वाचलं, खरंच. पण तुम्हाला कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्या केरीतल्या अडलेल्या बाईला म्हापशाच्या इस्पितळात न्यायचं तर तुमच्याच गाडीतून, कारण पोटाला धक्का बसत नाही! मग चढणीला थोडी हळू गेली म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही म्हणायचात. मीही शेजारणींना तेच ऐकवायचे.

आणि मग त्या दुपारी तुमच्या छातीत कळ आली. वासू चालवत होता, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. पेडण्याच्या चढणीवर त्याने पाय पूर्ण दाबला, तरी गाडी आपल्याच चालीने चालली. मी ओरडत होते, "वासू, बेगीन रे, बेगीन!" आणि तुम्ही डोळे मिटून, तिच्या मऊ चालीवर खूश होऊन म्हणालात, "कशी मोव चलता पळय गे."

म्हापसा यायच्या आधीच तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. हे काय उत्तर झालं? तेव्हापासून त्या गाडीचा मला राग येतो. आणि ती अंगणात सुरू झाली की तुम्हीच कुठूनतरी आलात असं वाटून रडू येतं. तुमच्यावरही रागावले आहे मी. इतकं हात आखडून तेल सोडायचं होतं का हो?

उद्या वासूला हो म्हणणार आहे. रबरांना मात्र हात लावू देणार नाही. बायाबापड्यांना धक्का बसणार नाही, हा माझा शब्द.

तेल वाढलं की इंजिनाचा आवाज बदलेल, असं वासू म्हणतो. मग अंगणात गाडी सुरू झाली तरी तुम्ही आलात असं मला वाटणार नाही.

तुमची,
शालन