पहिल्या रविवारची भाकर

१ ऑक्टोबर २०२३, रविवार

झाली एकदाची सुरुवात! आमच्याच ओसरीत. सतरंजी कमी पडेल म्हणून शेजारून एक आणली, ती घडी न मोडताच परत गेली. केनवडहून विमलबाई आणि तिचा नवरा, तांड्यातली दोन घरं, एवढेच आले. अमरदीप बोलायला उभा राहिला आणि घामाघूम! (नाव वहीतच घेते, तोंडाने ‘अहो’च.) नाशिकला बांधकामावर होता तेव्हा तिथल्या बाप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचा, तिथेच बाप्तिस्मा घेऊन आला. आल्यापासून एकच धोशा — आपल्याकडेही मंडळी हवी. मी म्हटलं, आधी घरावरचे पत्रे बदला. पत्रे तेच आहेत, मंडळी मात्र झाली.

याडी बाजेवर पाठ करून पडली होती. म्हणजे माझ्या सासूबाई, पण तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून मीही याडीच म्हणते. गाणं संपल्यावर भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली, "सूर तं धड लावा! देव बी उठून जाईन."

१९ नोव्हेंबर

आज पहिले बाप्तिस्मे. आमच्यात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही, माणूस अख्खा पाण्याखाली जावा लागतो. नाल्याला पाणी गुडघाभर. विहिरीला तांड्याचे नाईक हेमसिंगकाका नाही म्हणाले — "पेयाचं पानी हाय ते. बाकी तुमची मर्जी, फक्त भांडणं नको." चुकीचं काही बोलले नाहीत. शेवटी नाल्यापलीकडच्या जानरावांनी त्यांचं शेततळं दिलं.

पण शेततळ्याला प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर शेवाळ, हे आमच्या पास्टरच्या, म्हणजे अमरदीपच्या, ध्यानात कुठलं! विमलबाईच्या नवऱ्याचा हात धरून पाण्यात उतरला आणि सर्रकन स्वतःच खाली. जानरावांनी दोर फेकला. वर म्हणाले, "पास्टरसाहेब, तुमचा तं आधीच झाला होता ना?" सगळे हसले, थंडीने कुडकुडत रांगेत उभे होते तेसुद्धा. मग कमरेला दोर बांधूनच सगळे बाप्तिस्मे झाले.

मी काठावर टॉवेल घेऊन उभी.

३ डिसेंबर

पहिलं प्रभुभोजन — येशूच्या आठवणीत एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची, द्राक्षाचा रस प्यायचा. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. भाकर मीच थापली, मनुका उकळून रस मीच गाळला. ताट झाकून टेबलावर ठेवलं आणि आत चुलीपाशी येऊन बसले. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं, असा नियम आहे. पास्टरची बायको असली म्हणून काय!

घ्यावंसं वाटतं मला. फार वाटतं. येशू मला पटला तो याच्यासाठीच — कोणाच्याही घरी, कोणाच्याही पंगतीला बसायचा. पण याडीने बजावून ठेवलंय, "मंजू, तू पान्यात बुडून आली ना, तं तुया हातचं पानी बी पिनार नाई मी." अमरदीप बुडून आला त्याचं काही नाही. तो कुठे चूल पेटवतो!

राग येतो तिचा. पण लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकर परातीतच फाटायची. माझ्या हातावर हात ठेवून याडीने शिकवली मला. आता तिचे हात थरथरतात, चुलीकडे येतच नाही. मी घास मोडून देते तेव्हा जेवते. ते सोडून कशी जाऊ?

९ जून २०२४

ओसरीत माणसं मावेनात! परसात पत्र्याचं शेड झालं. इंझोरीची दोन कुटुंबं मोटारसायकलवर येतात. काल वावधन सुटलं, वादळी वाऱ्याने एक पत्रा उडून हेमसिंगकाकांच्या गोठ्यात. स्वतःच उचलून घेऊन आले — "देवाचं छप्पर माया म्हशीवर कायले टाकता?" चहा घेऊन गेले.

७ जुलै

भाकर थापली. चुलीपाशी बसले.

४ ऑगस्ट

तेच.

६ ऑक्टोबर

इंझोरीची संगीता आज आत पाणी प्यायला आली. नवीनच आहे. "काकू, तुमी काहून नाई घेत?" मी म्हटलं, भूक नाही.

प्रभुभोजनाला भूक नाही! जीभ कशी रेटली माझी. दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

१० नोव्हेंबर

बाप्तिस्म्यासाठी सगळ्यांसमोर साक्ष द्यायला आज मी उभी राहिले. आमच्यात कोणाला घ्यायचं ते पास्टर एकटा ठरवत नाही, सगळी मंडळी हात वर करते. मी जे होतं ते सांगितलं, याडीचंसुद्धा. विमलबाईने डोळे पुसले. हात वर झाले — अमरदीपचा सोडून!

घरी विचारलं. म्हणाला, "याडी उपाशी राह्यली तं?"

"ती तुमची पण आई आहे. तुमी थापा भाकर!"

पास्टर असला तरी मत एकच, म्हणून मला मंडळीने घेतलं. पण त्याचा हात खाली राहिला ते मला लागलं.

२३ नोव्हेंबर

उद्या माझा बाप्तिस्मा. याडीला मीच सांगितलं, कोणाकडून कळायला नको. ती म्हणाली, "माया बोल मी फिरवत नाई."

२४ नोव्हेंबर

पाणी बर्फासारखं. डोळे मिटले, वर आले. अमरदीप रडत होता. मी नाही रडले, हसूच येत होतं — दोर कमरेला, म्हशीसारखी!

२५ नोव्हेंबर

याडीने शब्द पाळला. मी दिलेला तांब्या तसाच राहिला. समोर राहणारी माझी जाऊ शीला, तिच्याकडून ताट आलं. शीला घास मोडून देत नाही, तिला घाई असते. अर्धं ताट परत गेलं.

अमरदीपने भाकर थापून पाहिली. कुत्र्यानेही हुंगून सोडली.

२८ नोव्हेंबर

याडीच्या डोक्याला तेल लावलं. ते चालतं तिला! "जोरानं चोय, जीव नाई का हातात?" मी चोळत राहिले. किती वाळलीय. मला रविवारी तळ्यावरून परत फिरायला हवं होतं का, असंही मनात येऊन गेलं. नाही, तसं नाही वाटत. पण तिचं ताट अर्धं परत जातं ते बघवत नाही.

१ डिसेंबर, पहिला रविवार

उठले तर चूल पेटलेली. याडी परातीपुढे, कोपरापर्यंत पीठ. तव्यावर भाकर — कडा फाटलेल्या, एका अंगाने करपलेली.

"टेबलावर ठेवाले लागते ना तुमाले? घे." मग माझ्याकडे न बघता, "तुया हातचं मी खात नाई. माया हातचं तं तू खाशीन ना?"

तीच ताटात ठेवली. अमरदीपने मोडली. माझ्या वाट्याला करपलेली कड आली. आत चुलीपाशी याडी बसली होती.