तुझा फोटो दुकानात आहे

आई, तुझा फोटो सध्या माझ्या दुकानात आहे, हे तुला आधी सांगायला हवं. घरातल्या भिंतीवरून मीच तो उतरवला. तुझ्या सुनेला आता नववा लागलाय, आणि आत्याचं म्हणणं असं की बाळंतपणात गेलेली बाई पोटुशीच्या नजरेसमोर नको, तिचा जीव मागे अडकलेला असतो. "तुझ्या आईला मी वाईट म्हणत नाय," आत्या म्हणाली, "लय गुणाची होती. पन गेली कशी ते बघ ना. सुटका होईस्तोवर आत ठेव, मंग लाव परत." मी शिकलेला माणूस, वाद घालायला तोंड उघडलं, आणि त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून तुला उतरवलं. बायकोला सांगितलं, काच तडकली होती, बदलायला दिलीय. ती रोज रिकाम्या खिळ्याकडे बघते आणि विचारते, काच काय कारखान्यात ओतायला सांगितलीस का.

तुला माळ्यावर टाकायला धजावलो नाही म्हणून दुकानात आणलं. गंगापूर रोडला माझं फुलांचं दुकान आहे. तू मळ्यातली फुलं बाजारात न्यायचीस, मी बाजारातून आणून लोकांना हार करून देतो, एवढीच आपली प्रगती. लग्नाचे हार, डोहाळजेवणाचा झोपाळा, दशक्रियेचे हार, सगळं एकाच टेबलावर होतं. त्यामुळे झालंय असं की काउंटरमागे तुला बघून गिऱ्हाइकांना वाटतं, तू कुणाची तरी ऑर्डर आहेस. परवा मुंडावळ्या न्यायला आलेल्या एक बाई हळहळल्या, "अगदीच तरुण होत्या हो. कधी गेल्या?" मी म्हणालो, बरेच दिवस झाले. त्यांनी घाईघाईने हात जोडले आणि घासाघीस करायची विसरून गेल्या. फोटोत तू माझ्यापेक्षा लहान दिसतेस. आता आहेसच.

बाप होण्याची माझी तयारी बघून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. मोबाइलवर एक ॲप आहे, ते दर आठवड्याला बाळ कुठल्या फळाएवढं झालं ते सांगतं. एकदा मी आत्यासमोर कौतुकाने वाचलं, या आठवड्यात पपईएवढं. पोटुशी बाईच्या घरात पपईचं नाव काढलं म्हणून आत्याने मला आणि मोबाइलला दोघांनाही बाहेर काढलं. दवाखान्याची बॅग मी भरली, त्यात टॉर्च निघाली, चार्जर निघाला, बायकोचा एकही कपडा निघाला नाही. घर ते दवाखाना रस्ता मी पाठ करतोय. कुठल्या गतिरोधकावर गाडी किती हळू घ्यायची ते शोधायला मागच्या सीटवर पाण्याची भरलेली कळशी ठेवून फेऱ्या मारतो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "पाणी नाही का तुमच्याकडे?"

हे मी सगळ्यांना रंगवून सांगतो आणि सगळे हसतात. डॉक्टरीणबाई हसत नाहीत. बायकोचं बीपी गोळ्या घेऊनही उतरत नाही, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सटाण्याला जायचं होतं, तेही त्यांनी थांबवलं. पुढच्या आठवड्यात सिझर करायचं ठरलंय. "काळजी घ्यायची, घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. या दोन्हीतला फरक मला अजून कळलेला नाही. बायको झोपली की मी तिचा श्वास ऐकत बसतो, आणि ती डोळे न उघडता म्हणते, "आहे अजून. झोप तू."

मला सारखी मळ्यातल्या घराची ओसरी दिसते. तू पाय पसरून बसली आहेस, पुढ्यात शेवंतीचा ढीग आहे. पोटापुढे परडी मावत नाही म्हणून ती तू माझ्या मांडीवर दिली आहेस. मी विचारतो, हे आल्यावर मी कुठं झोपू. "माझ्या पाठीशी," तू म्हणतेस. मी म्हणतो, मला पाठ नको, आणि ते बाळही नको. तुझी सुई थांबते. "असं परत बोलायचं नाय. ऐकतं ते." मारलं नाहीस, पण दिवस मावळेपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुला जीपमधून शहरात नेलं. जीप परत आली तेव्हा आत्या उतरली, तिच्या छातीशी गाठोडं होतं. ती ते मला दाखवायला वाकली, आणि मी तिला ओलांडून जीपच्या मागच्या सीटवर बघायला गेलो. तिथं कुणी नव्हतं. तुला नंतर आणलं, पण तोवर मला शेजारच्या मळ्यात नेऊन बसवलं होतं.

ते गाठोडं म्हणजे तुझी लेक. सिन्नरला नोकरी करते, वहिनीच्या मदतीला रजा काढून आलीय. काल दुपारी ती माझा डबा घेऊन दुकानात आली आणि काउंटरमागे तुला बघून थांबली. "ही इथं काय करतेय?" मी काचेचं सांगायला लागलो. तिने काचेवरून बोट फिरवलं, मग म्हणाली, "आत्या का?" मी मान हलवली. ती रागावली नाही. स्टूल ओढून बसली आणि एकेक गुलाबाची पाकळी सरळ करत बोलायला लागली.

"आत्या मला सांगायची, तू आईला खाऊन आलीस. रागानं नाही हं. ओळख करून द्यावी तसं. तुझं नाव हे, तू दुसरीत आहेस, तू आईला खाल्लंस."

"म्हातारी आहे ती. सोड ना."

"ते सोडलंच. मी तुला विचारतेय. वहिनीला काही होणार नाही. पण झालंच, तर त्या बाळाला तू काय म्हणशील?"

"असलं अभद्र बोलू नकोस. काय म्हणणार? काहीच नाही."

"तू मलाही कधी काही म्हणाला नाहीस, दादा. नुसता माझ्याकडे बघायचा नाहीस."

मी म्हणालो, मी लहान होतो तेव्हा. ती म्हणाली, "मी पण लहानच होते." मग उठली, भाजी गरम करून खा म्हणाली, आणि वहिनी एकटी आहे म्हणून लगेच निघाली. जाताना तिने तुझ्या फोटोपुढे हात जोडले नाहीत. तुझ्याकडे बघत जरा उभी राहिली, तुझ्यासारखीच एका पायावर भार टाकून. मला एकदम वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं नाही.

आता गिऱ्हाईक नाही, म्हणून ऑर्डरच्या कागदाच्या पाठीवर हे लिहितोय. पाठवण्याचा प्रश्नच नाही. बायकोच्या हाती लागू नये म्हणून फाडून देठांच्या कचऱ्यात टाकीन. भेटेल तो मला विचारतो, मुलगा हवा की मुलगी. मी ठरलेलं उत्तर देतो, दोघं सुखरूप सुटू देत, बाकी काही नको. आई, ते खरं नाही. रोज सकाळी दुकान उघडताना मी हात जोडतो ते फक्त बायकोसाठी. बाळासाठी अजून एकदाही जोडलेले नाहीत.